रविवारचा चहा

दिवाळीत चार स्नेही घरी येतात. फराळाची ताटे पुढे येतात, चकली मोडल्याचा आवाज होतो, आणि मग कोणीतरी म्हणते, "अहो, तुमचे ते नवीन काही म्हणून दाखवा ना!" ज्याला उद्देशून हे म्हटलेले असते तो गृहस्थ आधी आढेवेढे घेतो, "आता कसले हो", "पाठ नाही", असे म्हणतो आणि मग सदऱ्याच्या खिशातून चार घड्यांचा कागद काढतो. कागद बरोबर आणलेला होता, म्हणजे आढेवेढे लटके होते, हे सर्वांना कळते. पण ते कोणी बोलून दाखवीत नाही. कविता म्हणून होते. "वा!" होते. यजमानीणबाई आणखी एक करंजी त्याच्या ताटात सरकवितात. दुसऱ्याच्या घरी, तोंडात चकली असताना, "ही काही जमली नाही बुवा" असे म्हणणारा मनुष्य मी आजवर एकच पाहिला. त्याच्याविषयी पुढे सांगेन.

हे दृश्य मनात घोळायला लागले ते रविकिरण मंडळाची जुनी पुस्तके पुन्हा चाळताना. दर दोनचार वर्षांनी मी ती चाळतो आणि दर वेळी माझे मत थोडे हलते. तरुणपणी, मर्ढेकर नुकतेच वाचलेले असताना, या मंडळींना मी सरळ निकालात काढले होते. आता तसे धाडस होत नाही.

मंडळाची हकीगत बहुतेकांना शाळेपासून ठाऊक असते, तेव्हा थोडक्यात सांगतो. १९२३ च्या सुमारास पुण्यात काही कवी आणि लेखक रविवारी चहाला एकत्र बसू लागले. माधव जूलियन, यशवंत आणि गिरीश ही त्यांतली तीन नावे आज घरोघर माहीत आहेत. त्यांच्याबरोबर श्री. बा. रानडे आणि त्यांच्या पत्नी मनोरमाबाई, ग. त्र्यं. माडखोलकर, वि. द. घाटे आणि नाट्यछटाकार दिवाकर अशी माणसे होती. मंडळाच्या नावातला रवि आकाशातला तर आहेच, पण तो रविवारचाही आहे. आणि १९२३ मध्ये निघालेल्या त्यांच्या पहिल्या एकत्रित संग्रहाचे नाव 'किरण'. घटना, सभासदत्वाची वर्गणी, मालकीची इमारत यांपैकी कशाचाही बडेजाव नाही. कविता वाचायच्या, त्यांवर बोलायचे, चहा प्यायचा. साहित्यासाठी जमलेले घरगुती मित्रमंडळ म्हणतात ते हेच.

या मंडळावरचा ठरलेला आक्षेप असा की, ही परस्पर प्रशंसेची पेढी होती. एकाने लिहावे, दुसऱ्याने प्रस्तावना जोडावी, तिसऱ्याने परीक्षण करावे. आचार्य अत्र्यांनी 'केशवकुमार' या नावाने १९२५ मध्ये 'झेंडूची फुले' काढली आणि या कवींच्या लकबी अशा काही उचलल्या की पुण्यामुंबईचा वाचक पोट धरून हसला. माधव जूलियनांचे फारशी शब्द, प्रेमाचे कढ, पुस्तकाला चिकटविलेल्या टीपा आणि खुलासे, काहीच त्यांच्या तडाख्यातून सुटले नाही. विडंबनाची गंमत अशी की, ते ज्याच्यावर केले त्याला ते अजरामरही करून ठेवते. आज 'प्रेमाचा गुलकंद' ज्यांना तोंडपाठ आहे त्यांतल्या कितीजणांनी मूळ कवींचे संग्रह उघडले असतील? म्हणजे मंडळाविषयीचे आपले मत पुष्कळदा आपले नसतेच. ते अत्र्यांचे असते, आणि आपण ते उसने वापरतो.

परस्पर प्रशंसेचा आक्षेप खोटा नाही. पण मला तो अपुरा वाटतो. मित्रांनी मित्रांची वाहवा केली, यात नवल ते काय? ती तर भिशीतही होते. माडखोलकर हे 'आधुनिक कविपंचक' (१९२१) लिहून त्या बैठकीत बसलेले टीकाकार होते. तेव्हा चार कठोर शब्द तिथे कधी निघालेच नसतील असे मी मानीत नाही. खरा प्रश्न निराळा आहे. रविवारी दुपारी, ओळखीच्या माणसांत, चहाचा पेला हातात असताना जी कविता वाचता येते, तिची जात कोणती असते? आणि जी वाचता येत नाही, तिचे काय होते?

आपले टीकाकार रविकिरण मंडळाला एक संप्रदाय मानतात, तिथे माझ्या मते पहिली चूक होते. संप्रदायाला एक मत लागते, एक दैवत लागते. इथे तसे काही नव्हते. नावे पुन्हा एकदा नीट पाहा. फारशीचा व्यासंगी माधव जूलियन. घरादाराच्या, आईच्या, मातीच्या भावना रांगड्या गळ्याने मांडणारे यशवंत. खेड्याकडे नजर लावून 'आंबराई' (१९२८) लिहिणारे गिरीश. पुढे कादंबरीकडे आणि वृत्तपत्राकडे गेलेले माडखोलकर. आणि कवितेच्या वाटेला न जाता नाट्यछटा लिहिणारे शाळामास्तर दिवाकर. यांना एका सूत्रात ओवणारे मत कोणते? कोणतेच नाही. त्यांच्यात समान होता तो श्रोता. प्रत्येकाला दर आठवड्याला एकमेकांचे कान मिळत होते. संप्रदाय म्हणून मोजले तर हे मंडळ उणे भरते. क्लब म्हणून मोजले तर हिशेब पुष्कळ वेगळा येतो.

या कानांनी मराठी कवितेला काय दिले ते आधी मोकळ्या मनाने मान्य करू. केशवसुत १९०५ साली हुबळीला प्लेगने गेले तेव्हा त्यांची कविता ऐकणारी माणसे किती होती? बालकवी १९१८ मध्ये भादलीजवळ रेल्वेच्या रुळांवर संपले, भा. रा. तांबे दूर ग्वाल्हेरीस बसून लिहीत राहिले. कवी हा एकटा, विखुरलेला प्राणी होता. त्याला बैठक मिळाली ती इथे. आणि बैठकीत वाचायचे म्हटले की लय तपासावी लागते. कागदावर झाकलेली मात्रा मोठ्याने वाचताना लंगडते. माधव जूलियनांचा 'छंदोरचना' हा प्रचंड ग्रंथ प्रथम १९२७ मध्ये आला, १९३७ मध्ये तो वाढवून पुन्हा निघाला, आणि त्यासाठी मुंबई विद्यापीठाने त्यांना डी.लिट. दिली. त्या ग्रंथामागे पांडित्य आहे हे खरेच, पण मला त्यात अनेक रविवारांचा कानही ऐकू येतो. 'गज्जलांजलि' (१९३३) मध्ये त्यांनी मराठीत गझलेची वृत्ते रीतसर रुजविली. पुढे सुरेश भटांनी गझल खेडोपाडी नेली तेव्हा नांगरट आधी झालेली होती. 'सुनीत' हा शब्द आणि तो चौदा ओळींचा आकार मराठीत घरच्यासारखा वावरू लागला तोही याच मंडळींच्या हातून. तांब्यांची समग्र कविता १९३५ मध्ये माधव जूलियनांनी संपादून दिली, हेही मी याच खात्यात जमा धरतो. कंपूतली माणसे कंपूबाहेरच्या कवीसाठी इतके कष्ट सहसा घेत नाहीत.

मग या मंडळींनी आणखी एक केले, आणि त्यात त्यांचे यश आणि त्यांची मर्यादा दोन्ही गुंतली. त्यांनी कविता गायिली. यशवंत, गिरीश, माधव जूलियन गावोगावच्या सभांतून आपल्या कविता म्हणत, आणि माणसे ती ऐकायला गर्दी करीत. आमच्या घरी माझी आजी, जिने चौथीपलीकडे शाळा पाहिली नाही, यशवंतांची 'आई' म्हणत असे. ती कविता तिने पुस्तकात वाचली नव्हती. कोणाच्या तरी तोंडून ऐकून ती घरात आली होती, आणि कपाटात न जाता थेट स्वयंपाकघरात गेली होती. आजी ती म्हणू लागली की शेवटी शेवटी तिचा आवाज कापरा होई आणि आम्ही मुले एकमेकांकडे न पाहता पोळी खात बसू. एखाद्या कवीला याहून मोठा मान कोणता मिळायचा?

पण गायिलेली कविता पहिल्या ऐकण्यातच कळावी लागते. तिला मागे वळून पाहायला सवड नसते. ओळ निसटली की निसटली. म्हणून गायक कवी नकळत आपली ओळ सोपी करतो, भावना ठळक करतो, कडव्याच्या शेवटी टाळी येईल अशी जागा ठेवतो. असे करीत असताना त्याला वाटते, आपण रसिकांच्या जवळ गेलो. गेलेलाच असतो, पण स्वतःपासून किती दूर आलो याची मोजदाद राहत नाही. यशवंतांच्या 'यशोधन'मध्ये (१९२९) काही ठिकाणी मला हे स्पष्ट जाणवते. कवी एका खोल दुःखाच्या काठाशी येतो, वाकून पाहतो, आणि मग जणू समोर सभा बसली आहे हे आठवून आवाज चढवतो.

इथे एक आक्षेप वाचक घेतील, आणि तो रास्त आहे. या कवींनी समाजाचे दुःख पाहिलेच नाही असे कुठे आहे? गिरीशांचे 'अभागी कमल' हे १९२३ चे खंडकाव्य विधवेच्या दुर्दैवाचे. यशवंतांची 'बंदिशाळा' (१९३२) बालगुन्हेगारांची. माधव जूलियनांचा 'सुधारक' (१९२८) तर नावानेच आपला विषय सांगतो. विषय बैठकीबाहेरचे होते, हे मला कबूल आहे. विधवा आत आली, बालगुन्हेगार आत आला. पण ती सगळी माणसे पाय पुसून आत आली, असे मला ही काव्ये वाचताना वाटते. त्यांच्या अंगाला रस्त्याचा वास येत नाही. ती आपल्याला रडवितात, पण अवघडून टाकीत नाहीत. आणि रविवारच्या पाहुण्यांना अवघडून टाकायचे नसते, हा तर शिष्टाचारच आहे. विषयाला दार उघडे होते. उंबऱ्याशी अडला तो सूर.

मर्ढेकरांचा 'शिशिरागम' १९३९ चा. त्यावर या सुरेल काळाची सावली अजून आहे. १९४७ च्या 'काही कविता'त ती सावली नाही. ती कविता कोणत्याही रविवारच्या चहाला वाचता आली नसती. तिच्यावर अश्लीलतेचा खटला झाला, आणि कवी त्यातून निर्दोष सुटले. एका बाजूला चहा आणि दुसऱ्या बाजूला कोर्ट! मराठी कवितेने वीसपंचवीस वर्षांत केवढे अंतर तोडले ते एवढ्यावरून दिसावे. खटला झाला म्हणून कविता थोर, असे मात्र मी म्हणणार नाही. पुढच्या काळात पुष्कळांनी तसा सोपा हिशेब केला आणि फसले.

मनोरमाबाईंविषयी लिहायला हात थोडा अडखळतो. मंडळाला कौतुकाने सप्तर्षी म्हणत आणि मनोरमाबाईंना त्यांतली अरुंधती. उपमा गोड आहे, आणि मला ती कधीच आवडलेली नाही. अरुंधती ही वसिष्ठांची पत्नी म्हणून ओळखली जाते. लग्नात नवरानवरीला ती दाखवितात, आणि बारीक असल्यामुळे अनेकांना ती दिसतच नाही. 'दिसली, दिसली' असे म्हणून मोकळे होतात. मनोरमाबाईंचे समीक्षकांनी बरेचसे असेच केले. त्या १९२६ मध्ये वयाच्या तिशीत गेल्या. ज्या काळी कविता लिहिणारी स्त्री बहुधा दाराआडून लिहीत होती, त्या काळी ही बाई कवींच्या बैठकीत बरोबरीने बसली, ही गोष्ट लहान नाही. लंडनमध्ये १७६४ साली चित्रकार रेनॉल्ड्स आणि डॉक्टर जॉन्सन यांनी जो प्रसिद्ध क्लब काढला त्यात बर्क होते, गोल्डस्मिथ होते, वैद्य होते, राजकारणी होते. परंतु बाईला तिथे खुर्ची नव्हती. पुण्याच्या त्या लहानशा बैठकीने ती दिली. (उलट, जॉन्सनच्या टेबलाभोवती जितके निरनिराळे व्यवसाय होते तितके आमच्याकडे नव्हते. बहुतेक सगळे शाळाकॉलेजांच्या जगातले. त्यामुळे बोलण्यात फळ्याचा खडू थोडा उडणारच.) तरीही एक प्रश्न मला सोडीत नाही. त्या रविवारांच्या ज्या आठवणी मी वाचल्या त्यांत चहाचा उल्लेख पुन्हा पुन्हा येतो. तो चहा टाकीत कोण होते? एक कविता चालू असताना आत आधण उकळत असेल, तर त्या कवितेची दोन कडवी कोणाची तरी हुकलीच असतील.

राहिले दिवाकर. माझ्या मते या बैठकीतला सर्वांत आधुनिक लेखक तेच, आणि ते कवी नव्हते. त्यांच्या नाट्यछटा १९११ पासूनच्या, म्हणजे मंडळाच्या पुष्कळ आधीच्या. तेव्हा त्यांचे श्रेय बैठकीला देता येत नाही. पण नाट्यछटेचा साचा पाहा. एक माणूस बोलत असतो. समोर कोणीतरी असते, त्याचे बोलणे आपल्याला ऐकू येत नाही. बोलणाऱ्याच्या शब्दांतूनच ते कळते. आणि बोलता बोलता तो माणूस स्वतःला उघडा पाडतो. रविवारच्या बैठकीत बसून मित्रांची वाहवा ऐकताना दिवाकर काय टिपीत असतील, या विचाराने मला थोडी भीतीच वाटते. ते १९३१ मध्ये गेले. घाट्यांनीही तेच केले म्हणा ना: १९२४ मध्ये माधव जूलियनांबरोबर 'मधु-माधव' हा कवितांचा जोडसंग्रह काढला आणि पुढे कविता बाजूला ठेवून 'काही म्हातारे व एक म्हातारी' (१९३९) सारखे गद्य लिहिले, 'दिवस असे होते' (१९६१) लिहिले. त्यांच्या गद्यातली ती ऐसपैस, समोर बसून बोलावे तशी चाल मला बैठकीतूनच आलेली वाटते. कवितेला जिथे बैठकीचा सूर थोडा बाधला, तिथे गद्याला तो मानवला.

आता त्या एका माणसाविषयी.

चाळीसेक वर्षांपूर्वी मी ज्या जिल्ह्याच्या गावी नोकरीला होतो तिथे आमचेही असे एक मंडळ होते. आम्ही अकराजण. दर रविवारी चार वाजता एका वकिलांच्या माडीवर जमत असू. वर्गणी महिना पाच रुपये. तीत चहा, पोहे आणि वर्षातून एकदा बाहेरच्या पाहुण्याचे भाडे. निरोप धाडण्याचे आणि हिशेब ठेवण्याचे काम माझ्याकडे होते. त्यात एक शिक्षक होते, आमच्यातले सर्वांत चांगले कवी. त्यांची आई गेली आणि महिन्याभराने त्यांनी तिच्यावरची कविता वाचली. सहा कडवी होती. वाचताना त्यांचा आवाज भरून आला, वकीलसाहेबांनी चष्मा पुसला. आम्ही सगळ्यांनी एकामागून एक, मनापासून, कविता थोर आहे असे सांगितले. मीही सांगितले. मला मात्र तिसऱ्या कडव्यापासून काहीतरी खटकत होते.

त्या दिवशी तार ऑफिसातला एक कारकून कोणाच्या तरी ओळखीने आला होता. नुकताच बदलून आलेला, तिशीतला, सडपातळ माणूस. त्याला सभ्यपणे विचारले, "तुम्हाला कशी वाटली?" तो म्हणाला, "पहिली दोन कडवी आईची आहेत. पुढे सर रडायचे थांबले आणि यमके जुळवू लागले. तिथून पुढे जमली नाही." माडीवर एकदम शांतता झाली. शिक्षकांनी कागदाची घडी घातली. कोणीतरी पोह्यांवर आणखी खोबरे हवे होते असे काहीसे बोलले आणि बैठक लवकर उठली. जिना उतरताना सगळे त्या कारकुनाच्या उद्धटपणाविषयीच बोलत होते. आई गेलेल्या माणसाला असे बोलावे काय? मीही होकार भरला. आणि तो उद्धट होताच, असे मला आजही वाटते.

सातआठ वर्षांनी शिक्षकांचा संग्रह निघाला. तोवर माझी बदली झाली होती. त्यांनी सही करून एक प्रत टपालाने पाठविली. मी प्रथम ती कविता काढली. तिला दोनच कडवी होती. त्यांत एका शब्दाचाही फेरफार नव्हता. पुढची चार नुसती गाळली होती. गावातल्या आमच्या अकराजणांपैकी कोणी त्यांना ते सुचविले असेल असे मला वाटत नाही. मी तर नाहीच सुचविले. आजही ती दोन कडवी वाचताना आजीची आठवण येऊन माझा घसा दाटतो.

तो कारकून त्या रविवारनंतर आमच्याकडे पुन्हा आला नाही. येईल कसा? दर शनिवारी निरोप मी धाडीत असे, आणि त्या शनिवारपासून मी त्याला धाडला नाही.